हाराजुकूची लोलिता फॅशन : एवढं नटणं नेमकं कुणासाठी?

सुईदोरा

शिवणकामावर पोट असल्यामुळे रस्त्याने जाताना मला माणसाआधी त्याच्या अंगावरची शिवण दिसते. टोकियोत राहायला आल्यापासून या नजरेला सगळ्यात जास्त खाद्य हाराजुकूत मिळालं. तिथली लोलिता फॅशन बघायला पर्यटक येतात, फोटो काढतात आणि 'काय ही थेरं' म्हणत पुढे जातात. मला ती थेरं वाटत नाहीत. इतक्या विचाराने केलेले कपडे आज बाजारात फार कमी सापडतात, आणि ते घालणाऱ्या बायकांना त्यातून जे मिळतं ते समजून घेण्याजोगं आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : गुडघ्याच्या आसपास येणारा फुगीर घेर, तो उभा राहावा म्हणून आत कॅनकॅन, त्याच्या आत ब्लूमर, म्हणजे सैल चड्डी. वर गळाबंद ब्लाउज, त्यावर बिनबाह्यांचा जंपरस्कर्ट. गुडघ्यापर्यंत मोजे, गोल नाकाचे पट्टीचे बूट, डोक्यावर बो किंवा हनुवटीखाली बांधायचं बॉनेट. मूळ प्रेरणा अठराव्या शतकातल्या फ्रेंच रोकोको पोशाखाची आणि व्हिक्टोरियन काळातल्या मुलांच्या कपड्यांची.

ओळखीच्या एका बाईंनी त्यांचा असा ड्रेस माझ्याकडे दुरुस्तीला आणला होता. मी तो उलटा करून बघितला. आतून एकही कड उघडी नाही. घेराच्या खालच्या काठाला गुलाबांची किनार छापलेली, आणि चुण्या अशा मोजून घातलेल्या की एकही गुलाब मधोमध चिरला जात नव्हता. लेस सुती, टॉर्शन पद्धतीची, हाताला जड लागणारी. पाठीला इलॅस्टिक दोऱ्याचं शिरिंग, म्हणजे अंग थोडं कमीजास्त झालं तरी ड्रेस टाकून द्यावा लागत नाही. कमरेच्या नाड्या बटणांवर, काढून ठेवता येतील अशा. छातीवरचा बो पिनेवर. नुसतं दिसण्यापुरतं काम असतं तर आतल्या बाजूला एवढी मेहनत कुणी घेतली नसती.

त्या बाई चाळिशी ओलांडलेल्या, हिशेबाच्या नोकरीत. आठवडाभर करडा सूट. मी सहज विचारलं, हे कुणासाठी घालता? त्या जरा गोंधळल्या आणि म्हणाल्या, "कुणासाठी म्हणजे?"

तेच इथे विचारते. एवढं नटायचं आणि ते कुणाला दाखवायला नाही, हे तुम्हाला पटतं का? आणि कुणाला ही फॅशन जवळून माहीत असेल तर जरूर लिहा.

उलटतपास

ड्रेसच्या कारागिरीबद्दल वाद नाही, वर्णन उत्तम केलं आहे. पण मला पटत नाही. कुणाला दाखवायचं नसेल तर घरात घाला. हाराजुकूत, तेही रविवारी, जिथे सगळं जग कॅमेरे घेऊन उभं असतं, तिथेच का जायचं? शिवाय मोठ्या बायकांनी लहान मुलींसारखं सजणं मला अस्वस्थ करतं. त्या बायकांबद्दल काही वाईट म्हणायचं नाही, पण ज्या समाजात बाईने कायम गोड आणि लहान दिसावं अशी अपेक्षा असते, तिथे हे बंड कसलं?

मोगरा_पुणे

वाचतेय. जपानी शिकतेय, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. आमच्या वर्गात हाराजुकू म्हटलं की सगळ्यांना ताकेशिता गल्ली आणि तिथली खायची क्रेपच आठवतात.

आडवाटेचा_वाटसरू

@उलटतपास, हाराजुकूच का, याला इतिहास आहे.

१९७० मध्ये हाराजुकूत 'मिल्क' नावाचं दुकान निघालं. त्याच दशकात 'पिंक हाउस' हा ब्रँड आला. झालरी, लेस, फुलाफुलांचं कापड. लोलिता हे नाव तेव्हा चिकटलेलं नव्हतं, पण बीज तिथलं. १९७९ मध्ये एक दुकान सुरू झालं, तेच पुढे 'अँजेलिक प्रीटी' झालं. १९८८ मध्ये 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट'. १९९३ मध्ये ओसाकाचं 'मेटामॉर्फोज'. म्हणजे ही काल आलेली लाट नव्हे.

त्या काळी ओमोतेसांदोच्या भागात रविवारी रस्ता गाड्यांना बंद करून पादचाऱ्यांना मोकळा ठेवत. तिथे बँडवाली पोरं, नाचणारी पोरं, आणि घरी शिवलेले विचित्र कपडे घालून येणारी पोरं जमायची. १९९८ मध्ये ते बंद झालं. मग मंडळी स्टेशनजवळच्या जिंगू पुलावर जमू लागली. आपल्यासारखं माणूस भेटेल अशी जागा एवढाच त्याचा अर्थ. फोन आणि समाजमाध्यमं नसताना ओसाड गावातल्या मुलीला आपल्यासारखी दुसरी मुलगी कुठे भेटणार होती? कॅमेरे नंतर आले.

आणि माना नावाचा वादक. 'मॅलिस मिझर' या जपानी बँडचा गिटारवादक. रंगमंचावर कायम बायकी पोशाखात, चारचौघांत जवळपास न बोलणारा. त्याने १९९९ मध्ये 'म्वा-मेम-म्वात्ये' हा ब्रँड काढला. काळा, निळा, पांढरा रंग, क्रॉस आणि कॅथेड्रलच्या खिडक्यांची नक्षी. 'एलिगंट गॉथिक लोलिता' हे नाव त्याचं. परदेशातले लोक अजूनही या सगळ्या फॅशनला त्याच नावाच्या आद्याक्षरांनी ओळखतात.

कावळा_चिमणी

म्हणजे गोड गुलाबी आणि काळी भुताटकी, दोन्ही एकाच घराण्यातल्या?

आडवाटेचा_वाटसरू

हो, सख्ख्या बहिणी. गोड प्रकाराला 'स्वीट', काळ्याला 'गॉथिक', आणि तपकिरी-मातकट रंगांचा, नाजूक फुलांचा तो 'क्लासिक'. घेराची ठेवण मात्र साधारण तीच.

शुभा_नागपूर

सुईदोरा, मला एक कळत नाही. नावच इतकं वादग्रस्त का ठेवलं? नेटवर हा शब्द टाकला की भलतंच काही समोर येतं. माझ्या पुतणीने मला फोटो पाठवून नाव सांगितलं तेव्हा मी धसकलेच होते.

सुईदोरा

शुभाताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. नाबोकोव्हच्या 'लोलिता' कादंबरीशी या कपड्यांचा संबंध नाही, आणि घालणाऱ्यांना हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की त्या अक्षरशः थकल्या आहेत. पोशाखच बघा : गळा झाकलेला, दंड झाकलेले, पायांवर मोजे, घेराच्या आत ब्लूमर. पुरुषाची नजर खेचायला काढलेला हा पोशाखच नाही, आणि बऱ्याच जणी तर तो नजरा टाळायचा मार्ग म्हणून घालतात. एवढा घेर असला की गर्दीत कुणी फार जवळ येऊ शकत नाही. पुतणीला बिनधास्त घालू द्या. फक्त नेटवर शोधताना ब्रँडच्या नावाने शोधायला सांगा.

खडीसाखर

मी रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. मिसाको आओकी. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याने तीन 'कवाई (म्हणजे गोंडस) दूत' नेमले, त्यातली लोलिता पोशाखाची दूत ही. पेशाने परिचारिका! २०१३ मध्ये जपान लोलिता असोसिएशन सुरू झाली, तिचीही ती अध्यक्ष.

उलटतपास, तुम्ही म्हणता बाईने गोड दिसावं ही अपेक्षा. आमच्या कामात गोडवा हा नोकरीचा भाग असतो. हसून बोला, आवाज चढवू नका, रुग्णाचे नातेवाईक काहीही बोलले तरी. बारा तास ते केल्यावर कपाटातून मला हवं ते काढून घालणं, ज्यात कुणाला बरं वाटायचं नाही, फक्त मलाच बरं वाटायचं आहे, ही गोष्ट मला पूर्ण समजते. मी स्वतः असं काही घालत नाही. माझं समाधान कांजीवरमवर भागतं. पण समजतं.

उलटतपास

खडीसाखर, हा मुद्दा चांगला आहे. पण मग परराष्ट्र खात्याने दूत नेमणं हेच दाखवतं ना, की सरकारला ही गोडगोड प्रतिमा विकायला सोयीची वाटते? ज्या गोष्टीला सरकारी शिक्का मिळतो तिचं बंड संपलेलं असतं.

रेवा_उगवती

सहमत नाही. सरकारने उचललं म्हणून घालणारीचा हेतू बदलत नाही. पैठणीची जाहिरात पर्यटन खातं करतं, म्हणून माझ्या आजीची पैठणी सरकारी होत नाही.

कावळा_चिमणी

आजीची पैठणी सरकारी झाली तर निदान खेटे घालून का होईना, एखादे वेळी नेसायला तरी मिळेल. माझ्या आजीने तिची कुणालाच हात लावू दिली नाही.

बे_एरियाची_बाळी

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून लॉगिन केलं. मी घालते. जन्म सांगलीचा, राहते कॅलिफोर्नियात. तिथल्या मराठी मंडळात हे कधी बोलले नाही, पण इथे सांगते.

२००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानटाउनमध्ये 'बेबी'चं दुकान उघडलं. (पॅरिसमध्ये त्याआधी, २००७ मध्ये.) मी तेव्हा शिकत होते आणि खिशात दमडी नव्हती. नुसती बघायला जायचे. दुकानातल्या मुली स्वतः पूर्ण पोशाखात असायच्या, आणि काहीही विकत न घेणाऱ्या माझ्याशी इतक्या अदबीने बोलायच्या की मला अवघडल्यासारखं व्हायचं. नोकरी लागल्यावर पहिला ड्रेस घेतला तो मात्र वापरलेला.

'कुणासाठी' याचं माझ्यापुरतं उत्तर देते. लहानपणापासून मला सांगितलं गेलं, सावळीला फिके रंग शोभत नाहीत. फिका गुलाबी नको, आकाशी नको, 'त्यात तू अजून काळी दिसतेस'. लग्नात साडी निवडतानाही तेच. आणि या फॅशनमध्ये आल्यावर तिथेही काही जणींनी हेच ऐकवलं, फोटोखाली, इंग्रजीत. मी आकाशी ड्रेस घेतला. तो घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा मी कशी दिसते यापेक्षा आता कुणाला विचारायचं नाही, याचा आनंद जास्त होता. मी सुंदर दिसते की नाही हा प्रश्नच बाजूला पडला. घेर नीट बसला का, मोजे खाली घसरताहेत का, बो आणि बुटांचा रंग जुळला का, एवढंच डोक्यात. इतकी वर्षं आरशाने मला जे विचारलं होतं त्यापेक्षा हे प्रश्न फार सोपे आणि फार मजेचे आहेत.

उलटतपास काका, लहान मुलीसारखं दिसण्याबद्दल म्हणाल तर, मी लहान मुलगी होते तेव्हा मला फ्रॉक मिळालाच नाही. भावाच्या जुन्या पँटी वापरल्या. त्यामुळे परत लहान व्हायचा प्रश्नच येत नाही. तेव्हा राहून गेलं ते मी आता स्वतःच्या पगारातून करते आहे, एवढंच.

मोगरा_पुणे

बाळी, वाचून डोळे भरून आले. आकाशीच घाल.

खडीसाखर

+१

शुभा_नागपूर

बाळी, हे माझ्या पुतणीला वाचून दाखवणार आहे. तीही सावळी आहे आणि तिचंही आमच्या घरात तेच चालतं. आजपासून बंद.

पाटी_पेन्सिल

परकर-पोलकं आठवलं. आम्ही ते घातलं, मग एका वयात घरचे म्हणाले, आता साडी. मी हट्ट धरला होता की अजून एक दिवाळी परकर-पोलकंच हवं. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. त्यात खणाचं पोलकं, जरीचा काठ, चालताना परकराचा होणारा आवाज. ते अंगावरून गेलं तसं माझं एक वयच कुणीतरी परस्पर संपवून टाकलं. या जपानी बायकांना ते परस्पर संपवून घ्यायचं नाही, असं मला समजतंय. बरोबर ना?

सुईदोरा

पाटी_पेन्सिल, बरोबरच. आणि त्यात एक पाऊल पुढे आहे. त्यांना पुढचं वय नको असतं असं नाही. नोकरी करतात, घर चालवतात, कित्येकींना मुलं आहेत. पण एका वयाचे कपडे दुसऱ्या वयात वर्ज्य, हा नियम कुणी केला, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

हिशेबनीस

जरा पैशांचंही बोलूया. नव्या जंपरस्कर्टला तीस-चाळीस हजार येन पडतात, म्हणजे आपल्याकडचे सतरा-अठरा हजारांपासून पुढे. ब्लाउज, कॅनकॅन, बूट, मोजे, डोक्यावरचं वेगळं. वर ब्रँड एकेक छपाई मोजक्या रंगांत, थोड्या संख्येने काढतात. संपली की संपली. मग तीच छपाई वापरलेल्या कपड्यांच्या बाजारात नव्याहून महाग जाते. हे बंड-बिंड ठीक, पण टंचाई निर्माण करून विकण्याची ही जुनीच युक्ती आहे.

उलटतपास

हेच! मला इतका वेळ हेच नीट मांडता येत नव्हतं.

बे_एरियाची_बाळी

हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत, आणि टंचाईचा मुद्दाही. मला स्वतःला तो भाग आवडत नाही. एखादी छपाई हवी म्हणून रात्र जागवणारी, कर्ज काढणारी मुलं आहेत, आणि त्याचं कौतुक व्हायला नको.

पण दुसरी बाजू बघा. हे कपडे कुणी टाकत नाही. टोकियोत 'क्लोजेट चाइल्ड' नावाची वापरलेल्या ब्रँडेड कपड्यांची दुकानं आहेत. तिथे प्रत्येक कपड्यावर कुठे डाग, कुठे लेस उसवली, बो आहे की नाही, सगळं लिहिलेलं असतं. एकच ड्रेस वीस वर्षांत चार जणींच्या अंगावरून जातो. माझा आकाशी ड्रेस माझ्याआधी कुणीतरी घातलाय, आणि पाठीमागच्या बाजूला तिने केलेली बारीक रफू आहे. इतकी सुबक की मी ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. महिन्याला कपाट बदलणाऱ्या स्वस्त कपड्यांच्या जमान्यात याला नुसता उधळेपणा म्हणता येणार नाही.

आणि अलीकडे चिनी ब्रँड खूप स्वस्तात चांगलं काम देतात. चीनमध्ये ही फॅशन आज प्रचंड आहे. तिथे हानफू (पारंपरिक चिनी पोशाख), जपानी शाळेचा गणवेश आणि लोलिता या तिन्हींना मिळून 'तीन खड्डे' म्हणतात, कारण एकदा पडलं की पगार वर येत नाही.

कावळा_चिमणी

तीन खड्डे! आमच्या रस्त्यावर दर दहा पावलांना तीन आहेत, पण त्यात पडून कुणी नटलेलं पाहिलं नाही.

आडवाटेचा_वाटसरू

इथे एक सांगायला हवं. ज्यांना पैसे नाहीत त्यांचाही इतिहास आहे. २००१ मध्ये 'गॉथिक अँड लोलिता बायबल' नावाचं नियतकालिक सुरू झालं. त्यात फोटोंबरोबर शिवणाचे कागदी नमुने असायचे. घरी कापा, घरी शिवा. गावोगावच्या मुलींनी त्यावरून आपापले पहिले ड्रेस शिवले. २०१७ मध्ये ते बंद पडलं. त्याच वर्षी 'केरा' मासिकाची छापील आवृत्ती थांबली, आणि रस्त्यावरच्या पोशाखांचे फोटो छापणारं 'फ्रूट्स'ही. एका वर्षात तिन्ही. हाराजुकू संपलं अशी हाकाटी तेव्हा झाली. मला ती पटत नाही. मासिकं गेली, माणसं राहिली.

आणि 'शिमोत्सुमा' या गावावरून नाव घेतलेल्या गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. नोवाला ताकेमोतोंच्या २००२ च्या कादंबरीवर २००४ मध्ये चित्रपट आला. त्याची नायिका भातखाचरांच्या गावात राहते, आणि 'बेबी'च्या दुकानासाठी गाडी बदलत बदलत टोकियोतल्या दाइकानयामापर्यंत जाते. लोलिता पोशाख खेड्यातल्या मुलीचाही असू शकतो, हे जपानमधल्या सामान्य माणसालाही त्या चित्रपटाने दाखवलं.

लंडनवरून_लता

थोडं अवांतर. २०१२ मध्ये इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लोलिता फॅशन आणि तिच्यावरचा ब्रिटिश प्रभाव या विषयावर प्रदर्शन लागलं होतं. ज्या देशाच्या व्हिक्टोरियन फ्रॉकवरून जपानने हे उचललं, त्याच देशाने ते संग्रहालयात मांडलं. व्हिव्हियन वेस्टवुडचे लाकडी तळाचे, उंच, वळणदार बूट इंग्लंडमध्ये विसरले गेले असते. ते टिकवले जपानी मुलींनी. आपल्याच पेटीतली वस्तू परक्या घरी इतकी जपलेली पाहून मन भरून येतं, तसं इथल्या कित्येकांचं झालं असणार.

अनुभवी_अनामिका

एका गोष्टीवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. हा समाज आतून फार कठोर आहे. मी शिकागोत असताना एका गटाच्या चहापार्टीला गेले होते. कॅनकॅन पातळ होतं, लेस नायलॉनची होती. समोर सगळ्या गोड बोलल्या. घरी येऊन बघते तर माझा फोटो एका पानावर, खाली वाट्टेल ते. त्यांच्यात अशा पोशाखाला 'इता' म्हणतात, बघवत नाही अशा अर्थाने. मी कॅनकॅन देऊन टाकलं आणि परत गेले नाही.

हे कपडे कुणाला दाखवायचे नसतात, असं वर म्हटलंय. मग दुसरीचे कपडे तपासायला एवढी भिंगं कशाला?

बे_एरियाची_बाळी

अनामिका, तुझ्याबरोबर जे झालं ते नीच होतं, आणि ते खरं आहे. तसली पानं मीही पाहिली आहेत. नियम कपड्यासाठी असावेत, माणसाला सोलून काढण्यासाठी नाहीत.

तरी नियमांच्या बाजूने एक बोलते. कॅनकॅन जाड हवं, कापड चकाकणारं नको, लेस खरखरीत नको, हे नियम शिकताना मी कापड ओळखायला शिकले. त्याआधी मला सुती लेस आणि नायलॉनची लेस यांतला फरकही कळत नव्हता. ज्या गटात मी आता जाते तिथे नवीन मुलगी आली तर तिला आपल्याकडचं जास्तीचं कॅनकॅन देतात. असे गट आहेत. तू परत येशील तर मी माझं देते.

सुईदोरा

अनामिका, 'कुणाला दाखवायला नाही' हे मी सरसकट लिहिलं होतं, तुझ्या अनुभवानंतर ते नेमकं करते. पुरुषांना, ऑफिसला, शेजाऱ्यांना दाखवायला नाही, हे नक्की. एकमेकींना मात्र दाखवतात, आणि अगदी मनापासून. जून आणि डिसेंबर महिन्यांतला पहिला शनिवार जगभर आंतरराष्ट्रीय लोलिता दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कुठल्याही मोठ्या शहरात हा जथा चहाला बसलेला दिसेल. तिथे एक जण दुसरीच्या बाहीचं टोक हळूच उचलून लेस बघते, आणि 'ही कुठून आणलीस' म्हणून विचारते. जिला त्या लेसची किंमत कळते तिच्याकडून मिळालेली दाद वेगळीच. तेच डोळे वाईट वागले तर जखमही तेवढीच खोल होते, हे तुझ्यामुळे नीट दिसलं.

आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना एक विनंती. न विचारता फोटो काढू नका, घेराला हात लावून बघू नका. हाराजुकूत मी हे कायम बघते. विचारलंत तर बहुतेक जणी हसून उभ्या राहतात.

उलटतपास

बाळी आणि अनामिका, तुम्ही दोघींनी जे लिहिलं त्याने मला विचार करायला लावला. 'मला फ्रॉक मिळालाच नाही' या वाक्यापुढे माझा लहान मुलीसारखं दिसण्याचा आक्षेप टिकत नाही, तो मी मागे घेतो.

बाजाराबद्दलचा आक्षेप मात्र कायम. जी गोष्ट माणसाला इतकी जवळची वाटते तिची टंचाई मुद्दाम करून विकणं मला चुकीचंच वाटतं, मग ती जपानी असो की पुणेरी.

हिशेबनीस

त्यावर उपाय घरी शिवणं. सुईदोरा, कॅनकॅन इथे शिवता येईल का? बायको विचारते आहे. तिला लेकीच्या गॅदरिंगसाठी हवंय, पण हा धागा वाचून तिच्या स्वतःच्या मनातही काही शिजतंय अशी शंका आहे.

सुईदोरा

शिजू द्या! अगदी सहज होतं. पुण्यात असाल तर रविवार पेठेत, मुंबईत असाल तर मंगळदास मार्केटात नेट मिळेल. 'कॅनकॅन नेट' म्हणूनच मागा, पण फार कडक घेऊ नका, पायाला टोचतं आणि मोजे फाटतात. मऊ हवं असेल तर ऑर्गंझा घ्या, मात्र तो जास्त लागेल.

वर गुळगुळीत अस्तराची पट्टी, कमरेला इलॅस्टिक. त्याखाली तीन थर. पहिला थर पट्टीच्या घेराच्या दीडपट, दुसरा पहिल्याच्या दुप्पट, तिसरा दुसऱ्याच्या दुप्पट. प्रत्येक थराला वरच्या कडेला सैल टाक्यांच्या दोन ओळी मारून दोरा ओढा, चुण्या सारख्या वाटून घ्या आणि मग जोडा. घाईत वाटल्या नाहीत तर एका बाजूला फुगवटा येतो. शेवटी आतून पातळ अस्तर लावा, म्हणजे नेट अंगाला लागत नाही. ड्रेसपेक्षा कॅनकॅन दोन बोटं आखूड असावं, बाहेर डोकावता कामा नये.

शुभा_नागपूर

आणि धुवायचं कसं? मशिनमध्ये चालेल?

सुईदोरा

मशिन नको शुभाताई. बादलीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, बुडवून ठेवा आणि न पिळता निथळत ठेवा. वाळल्यावर उलटं टांगा, म्हणजे थर परत फुलतात. घडी घालून ट्रंकेत कोंबू नका. पुतणीचं माप पाठवलंत तर तिच्यासाठी नमुना काढून देते. छातीचं, कमरेचं, आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं. आणि रंग तिलाच निवडू द्या.